दोन घरांचं धुणं

१२ मार्च

चि. भावजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमचं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा अजून चालूच असणार, ओरडायला मी तिथे नाही. जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर त्या कठडा धरून थांबायच्या आणि मी बघतेय असं दिसलं की उगाच केस सारखे करायच्या. आपल्या टिल्लूचा दमा? त्याच्या छातीला तेल चोळा असं लिहिणार होते, पण तो आता दाढी करायच्या वयाचा झाला असेल, कोण चोळून घेतोय! जाऊबाईंच्या आईंना ऐकू येतं का आता, की अजून सगळ्यालाच "हो हो" म्हणतात? आणि तुमच्या खात्यातले ते वयस्कर कारकून? मी एकदाच तुमच्या विद्यापीठात आले होते, तेव्हा त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली होती. तुमच्या खोलीतली पाहुण्यांची खुर्ची फार बुटकी होती. त्यात बसलं की तुम्ही टेबलापलीकडे डोंगरावर बसल्यासारखे दिसायचात.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमचे दादा बरे आहेत. जेवतात, झोपतात.

पत्र लिहायचं कारण झालं म्हणून लिहिते, नाहीतर तुमच्या मौनाची मला सवय झाली आहे. मंगळवारी दुपारी एक मुलगी दारात उभी. खांद्याला पिशवी, नाकावरून घसरणारा चष्मा. मला वाटलं, शिरगणतीवाली. ती म्हणाली, "मी सरांची विद्यार्थिनी." सर म्हणजे तुम्ही. मग काय, मी तिला आत घेतलं, पंखा लावला आणि विचारतच सुटले. सर कसे दिसतात, वर्गात चिडतात का, केस किती राहिलेत.

"समोरून कमी, मागून बरे," ती म्हणाली. गोड आहे पोर.

मग म्हणाली, "आजी, सरांनी तुमच्या गल्लीत धुण्याची मशिनं वाटली होती ना? त्याबद्दल विचारायचं होतं."

मी तिला सगळ्या जगाला ठाऊक आहे तेवढंच सांगितलं. सरकारी मंडळाला बघायचं होतं की घरात मशीन आलं तर पोरींची धुण्यातून सुटका होऊन त्या शाळेत जातात का. मंडळानं आपली गल्ली निवडली, तुम्ही चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्या घरांना मशीन, अर्ध्यांना नाही. उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. तोवर अट एकच, मशीनवाल्या घरानं दुसऱ्याचे कपडे धुवायचे नाहीत. आम्हाला चिठ्ठी लागली, भिंतीपलीकडच्या घराला लागली नाही. शेवटी तुमचा तो मोठा लेख आला की फरक पडत नाही, मशीन असो वा नसो, दोन्हीकडच्या पोरी सारख्याच शाळेत जातात. मंडळानं योजना गुंडाळली आणि तुम्ही प्राध्यापक झालात.

हे शेवटचं वाक्य मी तिला म्हटलं नाही. तुम्हाला लिहितेय.

ती भराभर लिहून घेत होती. मग पेन थांबवून तिनं विचारलं, "आजी, तुमच्या मशीनमध्ये कधी पलीकडचे कपडे धुतले होते का?"

मी म्हटलं, "थांब हं, दूध उतू जातंय." आत जाऊन ओट्यापुढे उभी राहिले. शेगडीवर काहीच नव्हतं, भावजी.

ती पुन्हा येणार आहे. तिला काय सांगू ते कळवा.

तुमची वहिनी


२९ मार्च

चि. भावजी,

उत्तर आलं नाही. प्रवासात असाल, परीक्षांचे दिवस असतील. मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. दादा बरे नाहीत. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघराच्या दारात पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं गेलं असतं तर मन घट्ट केलं असतं, पण एक शब्द मागे राहिला आहे. "धाकट्या." पाणी हवं तरी "धाकट्या", खिडकी लाव म्हणायचं तरी "धाकट्या", मी उशी नीट केली तर बरं वाटल्याचंही तेच. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात एखादा शब्द राहून जातो, त्याला अर्थ असतोच असं नाही. डॉक्टर शिकलेले आहेत. मी आपली ऐकून घेते.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही धावत आला नसतात तर मला ते सोसलं नसतं. न कळवता तुम्ही आला नाहीत, हे बरं पडतं.

त्यांची चादर रोज धुवावी लागते, कधी दिवसातून दोनदा. आपलं मशीन कधीचंच बंद पडलंय. योजना बंद झाली तसा मंडळाचा दुरुस्तीवाला यायचा बंद झाला. त्याचे भाग बाहेर मिळेनात. गल्लीतली सगळीच मशिनं एकामागून एक गप्प झाली. आता त्यावर मी औषधाच्या बाटल्या ठेवते. चादरी चिमी धुते. चिमी आठवते ना? भिंतीपलीकडच्या शेजारणीची मुलगी. तुम्ही आलात की गणितं घेऊन पायरीवर येऊन बसायची. तुमची जुनी कंपासपेटी तुम्ही तिला दिली होती. पलीकडची आता नाही, गेल्या वर्षी गेली. चिमी लॉजवर धुणं करते. सोड्यानं हाताच्या भेगा रुंद झाल्यात. कंपासपेटी अजून आहे तिच्याकडे, त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.

भावजी, त्या मुलीनं विचारलं तेव्हापासून एक दुपार माझ्यासमोरून हलत नाही. तुम्हालाही आठवत असेल.

त्याच्या आधी तुम्ही आम्हाला तुमचं शास्त्र समजावलं होतं. स्वयंपाकघरात दोन कप मांडलेत. "दादा, या कपात साखर, या कपात नाही. बाकी चहा तोच, दूध तेच. आता चवीत जो फरक पडेल तो साखरेचा." दादा म्हणाले, "ते झालं, पण बिनसाखरेचा पिणार कोण?" तुम्ही हसलात. "तो थोडा वेळ थांबेल, दादा. अभ्यास संपला की त्यालाही साखर." मीही हसले होते. तुमचं पहिलं व्याख्यान तुम्ही याच ओट्यासमोर म्हणून दाखवलं होतं. दादा पहिल्या पाचच मिनिटांत घोरायला लागले, मी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मागणी आणि पुरवठा मी तिथेच शिकले. तुमची पाठांतरं ऐकता ऐकता माझी शाळा झाली, हे मी कधी विसरले नाही.

पण तुमचं शास्त्र भिंतींच्या भरवशावर उभं होतं आणि आमच्या परसातल्या भिंती कमरेएवढ्या. पलीकडची पाय सुजवून दगडावर बसलेली दिसायची आणि इकडे माझं मशीन अर्धं रिकामं घरघरायचं. एक दिवस मी म्हटलं, "दे गं ते बोचकं इकडे." तिनं दिलं. ना तिनं विचार केला, ना मी. गल्लीत सगळीकडे तेच झालं. तुमचे पाहणीवाले यायचे त्या दिवशी बायका पलीकडचे कपडे दोरीवरून काढून पलंगाखाली कोंबायच्या. कशासाठी? आपल्या गल्लीतल्या मुलाचा अभ्यास बिघडायला नको म्हणून! आम्हाला वाटलं, अभ्यास म्हणजे तपासणीचा दिवस. तेवढा निभावला की झालं.

त्या दुपारी तुम्ही न कळवता आलात. दोरीवर पलीकडच्यांचे सदरे होते आणि चिमीचा शाळेचा झगा होता. मीच तुम्हाला हसत सांगितलं, "बघा, तुमच्या मशीनला दोन घरं लागली. चिमीची एक दिवससुद्धा शाळा बुडत नाही."

तुम्ही झग्याकडे बघत उभे राहिलात. चहा तसाच राहिला. मग हळूच म्हणालात, "वहिनी, हे मी ऐकलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही."

मला वाटलं, कपडे धुतले म्हणून रागावलात. चिमी शाळेत जात होती ती आपल्याच मशीनमुळे. फरक दिसला नाही, कारण तो भिंत ओलांडून पलीकडेही पोचला होता. हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. तुमच्या डोक्यात तेव्हाच, त्या दोरीपाशी शिरलं होतं.

पत्र लिहा. दादांबद्दल तरी लिहा.

वहिनी


१४ एप्रिल

चि. भावजी,

ती मुलगी काल पुन्हा आली. या वेळी मी दुधाचं नाव काढलं नाही.

तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, माझ्या ऐकण्यात चूक असेल तर दुरुस्त करा. मंडळ पुन्हा मशिनं द्यायच्या विचारात आहे. यादीत नदीपलीकडच्या वस्त्या आहेत आणि आपलीही गल्ली आहे. पण तुमचा लेख आडवा येतो. ही मुलगी तुमचेच जुने आकडे घेऊन बसली. मशीनवाल्या घराला लागून असलेल्या घरांतल्या पोरी शाळेत गेल्या आणि ज्यांच्या दोन्ही बाजूंना मशीन नव्हतं त्यांच्या गेल्या नाहीत, असं तिला दिसलं. तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही मंडळाला लिहून दिलंत की "मी स्वतः त्या गल्लीत जाऊन खात्री केली होती. कपड्यांची देवाणघेवाण होत नव्हती."

भावजी, हे खरंच तुम्ही लिहिलंत?

मी तिला तीनदा विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "सर मला फार जपतात, आजी. माझी शिष्यवृत्ती त्यांनीच मिळवून दिली. मला त्यांना खोटं पाडायचं नाही. पण माझ्याकडे नुसते आकडे आहेत आणि ते म्हणतात, मी डोळ्यांनी पाहिलं. मंडळ कोणाचं ऐकेल?"

चिमी तेव्हा मागच्या दारात चादर पिळत होती. दुसरं टोक तिच्या लेकीनं धरलं होतं. शाळेच्या वेळेला ही पोर घरी कशी, असं त्या मुलीनं विचारलं. चिमी म्हणाली, "लॉजच्या आज जास्त चादरी आल्यात बाई. एकटीच्या हातानं पिळत नाहीत." मग ओळख झाली. मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्या अभ्यासात होतात!"

"होते तर," चिमी म्हणाली. "मीच ती, फरक पडत नाही."

आणि हसली. तिची आई हसायची तशीच, मान मागे टाकून. त्या मुलीला हसावं की नाही ते कळेना. तिनं चष्मा काढून पुसला.

चिमी आठवीत असताना आपलं मशीन बंद पडलं, भावजी. उरलेल्या घरांना मशिनं मिळायचीच नव्हती, कारण फरक पडत नव्हता. महिनाभर ती सकाळी लवकर उठून धुणं उरकायची आणि ओल्या हातांनी शाळेत पळायची. मग एक दिवस गेली नाही. दादांनी तुम्हाला फोनवर जे ऐकवलं ते त्याच दिवशीचं. "आमच्या पोरींना बिनसाखरेचा पाजलास आणि स्वतः खुर्चीवर बसलास." फार कडू बोलले ते. पण तुम्ही फोन ठेवलात तो ठेवलातच.

मला एवढंच म्हणायचंय की तेव्हा तुम्ही चुकला असाल तर ती चूक समजण्यासारखी होती. दोन वर्षांची मेहनत, नोकरीत कायम होण्या-न होण्याची डोक्यावर टांगती तलवार, टिल्लू तेव्हा पाळण्यात. बायका एकमेकींचे कपडे धुतील हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. तुम्ही तसं लिहिलं असतंत तर लोक म्हणाले असते, अभ्यास बिघडला. बिघडला तर बिघडला! पुन्हा केला असतात. पण आता? आता तुम्हाला कोण काढतंय? आता का लिहून दिलंत?

मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, मला महिनाअखेरपर्यंत वेळ दे. याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं."

तुम्ही कॉलेजातून उशिरा यायचात तेव्हा मी तुमचं ताट झाकून ठेवायचे. घरात कोणाला त्याला हात लावू द्यायचे नाही, दादांनासुद्धा. तसं हे उत्तर मी झाकून ठेवलंय. तुमचं आहे. तुम्ही स्वतः मंडळाला दोन ओळी लिहा, "माझी चूक झाली, पलीकडचे कपडे धुतले जातात हे मला सांगण्यात आलं होतं." तुम्ही बोललात तर ती चूक राहील. मी बोलले तर तिला दुसरं नाव पडेल.

वाट बघते.

वहिनी


२ मे

चि. भावजी,

तुमचं पाकीट आलं. विद्यापीठाचं जाड पाकीट बघून मी हात पुसून, दादांच्या शेजारी बसून उघडलं. आत छापील पत्रिका होती. तुमच्या दीर्घ सेवेचा गौरव, सभागृह, वेळ, अल्पोपाहार. खाली "सहकुटुंब अगत्य यावे". मी पाकीट उलटं करून झटकलं. वाटलं, एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल. पत्तासुद्धा तुमच्या अक्षरात नव्हता. तुमच्या ऑफिसातल्या कोणीतरी आमचं नाव यादीतून उतरवलं असणार. यादीत ठेवलंत, हेही काही कमी नाही.

दादांना वाचून दाखवली. त्यांनी डाव्या हातानं पत्रिका मागितली, तुमच्या फोटोवर अंगठा ठेवला आणि त्यांचा शब्द म्हणाले.

परवा ती मुलगी आली. मला बघूनच तिला कळलं असावं, कारण तिनं लगेच पिशवी उघडली नाही. म्हणाली, "आजी, नसेल सांगायचं तर राहू दे. मी दुसरं काहीतरी बघेन." दुसरं काय बघणार ती? गल्लीतल्या जुन्या बायका कोणी गेल्या, कोणी गाव सोडून गेल्या. तुमच्यासमोर दोरीपाशी मीच उभी होते.

मागे दगडावर धपधप चालू होती. चिमीची लेक आईच्या बरोबरीनं आपटत होती, तिचा आवाज बारीक, चिमीचा जाड. त्या दोन आवाजांमध्ये बसून मला खोटं सुचेना, भावजी. खरं सांगते, शोधलं मी. म्हातारी झाले, आठवत नाही, असंही म्हणता आलं असतं. माझ्या वयाला ते शोभलंही असतं.

तिनं विचारलं, "पलीकडचे कपडे तुमच्याकडे धुतले जायचे?"

मी म्हटलं, "हो. रोज."

"सरांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो. मी सांगितलं होतं. लेख येण्याच्या आधी."

एवढंच. ते झग्याचं, चहा तसाच राहिल्याचं, तुम्ही काय म्हणालात त्याचं, यातलं काही सांगितलं नाही. ते आपल्या घरातलं आहे. तिनं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी खाली सही केली. ती रडत होती, मी नव्हते. मी तिला चहा केला. साखर किती, विचारलं तर म्हणाली, "असू दे, कशीही."

ती गेल्यावर दादांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "धाकट्या," म्हणाले. मी पाणी दिलं, नको होतं. खिडकी उघडली, नको होती. पुन्हा तेच म्हणाले. मग मी पलंगाच्या कडेवर टेकले आणि त्यांचा हात धरून बसून राहिले.

आता तुमच्या गौरवाचं काय होईल मला कळत नाही. समारंभ होईल किंवा व्हायचा नाही. जाऊबाई माझं नाव घेणार नाहीत, टिल्लूला कोणी काही बोललं तर तो मला विसरायचा प्रयत्न करील. चिमीला मी अजून सांगितलेलं नाही. मशिनं आली तरी तिला काय उपयोग? तिच्या लेकीला झाला तर झाला. मंडळ म्हणे सावकाश विचार करणार आहे.

मी तुम्हाला लहानाचं मोठं केलं, याचा मला गर्व होता. अजून आहे. म्हणूनच तर ताट इतके दिवस झाकून ठेवलं. शेवटी ते मलाच उचलावं लागलं.

तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. "वहिनी, तुम्ही माझं वाटोळं केलंत" असं लिहा, दादांसारखं कडू लिहा, मी सगळं वाचीन. फक्त स्वतःच्या अक्षरात लिहा आणि लवकर लिहा. पाकीट आलं की मी दादांच्या उशाशी बसून उघडते. आत राग असला तरी त्यांना मी वाचून दाखवीन ते वेगळंच असेल, त्याची काळजी करू नका.

लवकर लिहा, भावजी.

तुमची वहिनी